क्षुद्र नसलेला श्वास : फुप्फुसधमनीतील उच्च रक्तदाब आणि साध्यासाध्यविचार

श्वास हे लक्षण घेऊन येणारा रुग्ण आपल्यापैकी कोणालाही नवा नाही. किंबहुना तो इतका परिचित आहे की, त्याचे नामकरण करण्यास आपल्याला फारसा वेळ लागत नाही. रात्री बळावणारा, घुरघुर असणारा, ढगाळ हवेत वाढणारा तो तमक श्वास. आणि आयासाने उत्पन्न होणारा, स्वस्थ बसले असता आपोआप शमणारा तो क्षुद्र श्वास. चरकाचार्यांनी क्षुद्र श्वास साध्य सांगितला आहे. त्यामुळे चार पायऱ्या चढल्यावर धाप लागते, पण बसल्यावर बरे वाटते, अशी तक्रार घेऊन तरुण व्यक्ती समोर आली की आपले मन निश्चिंत होते. थोडा अशक्तपणा, थोडा पांडु, थोडे वजन. बल्य औषधी आणि लोहकल्प दिले की काम झाले, असे आपण धरून चालतो.

प्रस्तुत लेखात आम्ही ज्या व्याधीचा विचार करणार आहोत, तो आपल्या आरंभकाळी नेमके हेच रूप धारण करून येतो. फुप्फुसधमनीतील उच्च रक्तदाब हा दंडाला पट्टा बांधून मोजता येत नाही. नाडी, जिव्हा आणि स्टेथोस्कोप हाताशी असूनही तो पुष्कळदा निसटतो. आणि जो निसटतो त्याची साध्यासाध्यता प्रत्येक महिन्यागणिक बदलत जाते. हे आम्ही केवळ ग्रंथ वाचून लिहीत नाही. आमच्याच चिकित्सालयात असा एक रुग्ण आठ महिने आमच्या हातून निसटला होता. ती हकिकत पुढे सांगणार आहोत.

दाब म्हणजे नेमका कोणता?

शरीरात रक्ताभिसरणाची दोन चक्रे आहेत. हृदयाची डावी बाजू सर्व शरीराला रक्त पुरविते, तर उजवी बाजू तेवढेच रक्त तेवढ्याच वेळात फुप्फुसांतून फिरविते. रक्ताचे प्रमाण दोन्हीकडे समान असले तरी दाबात मात्र मोठी तफावत आहे. शरीराच्या धमन्यांतील मध्य दाब सर्वसाधारणपणे ९० मि.मी. पाऱ्याच्या आसपास असतो. फुप्फुसधमनीत तो विश्रांत अवस्थेत सुमारे १४ मि.मी. असतो. फुप्फुसांतील वाहिन्यांचे जाळे अतिशय विस्तीर्ण आणि लवचिक असल्यामुळे एवढ्या अल्प दाबावर हे काम चालते. साहजिकच उजव्या बाजूचा खालचा कप्पा, म्हणजे उजवी जवनिका, पातळ भिंतीची असते. तिला जोर लावण्याची सवयच नसते.

या जाळ्यातील सूक्ष्म धमन्यांच्या भिंती जाड होऊ लागल्या, त्यांचे पोकळ मार्ग अरुंद झाले किंवा जुन्या रक्तगुठळ्यांनी बुजले, की प्रवाहाला अवरोध होतो. आपल्या परिभाषेत ज्याला स्रोतोरोध म्हणतो त्याचे इतके स्पष्ट उदाहरण क्वचितच सापडेल. अर्थात, शब्द जुळला म्हणून चिकित्साही जुळते असे समजण्याचे कारण नाही. येथे एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवण्यासारखी आहे. वाहिन्यांच्या जाळ्याचा निम्म्याहून अधिक भाग निकामी होईपर्यंत विश्रांत अवस्थेतील दाब फारसा वाढत नाही. म्हणजे रुग्णाला धाप जाणवू लागते तेव्हा पुष्कळशी हानी आधीच झालेली असते. या व्याधीत पूर्वरूप आणि रूप यांमधील काळ आपल्याला जवळजवळ मिळतच नाही.

१९७३ साली जिनिव्हा येथे जागतिक आरोग्य संघटनेच्या वतीने भरलेल्या परिषदेत २५ मि.मी.हून अधिक मध्य दाब ही व्याधीची मर्यादा मानली गेली आणि ती पुढे दीर्घकाळ टिकली. २०१८ च्या जागतिक परिषदेत ती २० वर आणण्याचे सुचविण्यात आले आणि २०२२ च्या युरोपीय मार्गदर्शक तत्त्वांनी ते स्वीकारले. हा दाब उजव्या हृदयात नलिका सरकवून प्रत्यक्ष मोजावा लागतो. वेर्नर फोर्समान या जर्मन डॉक्टराने १९२९ साली स्वतःच्याच दंडातील शिरेतून नलिका हृदयापर्यंत नेऊन क्ष-किरण चित्र काढून घेतले होते. त्या धाडसातून उत्क्रांत झालेल्या तंत्रास १९५६ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्याकडे रुग्ण हाती घेऊन येतो तो मात्र बहुधा इकोचा अहवाल असतो आणि त्यावर 'माइल्ड पीएएच' किंवा 'सिव्हिअर पीएएच' असे शब्द असतात. इकोमधील आकडा हा अंदाज असतो आणि तोही मध्य दाबाचा नव्हे, तर आकुंचनकालीन दाबाचा. तेव्हा इकोवर ३५ लिहिले आहे आणि मर्यादा तर २० आहे, अशी सरळ तुलना करून रुग्णास घाबरवू नये. तसेच 'माइल्ड' हा शब्द वाचून निर्धास्तही होऊ नये. 'माइल्ड' दाबाचे विशेषण आहे, व्याधीचे नव्हे.

एक नाव, पाच व्याधी

या एका नावाखाली पाच निरनिराळे गट येतात आणि प्रत्येकाची साध्यासाध्यता स्वतंत्र आहे. पहिला गट म्हणजे फुप्फुसातील सूक्ष्म धमन्यांचाच मूळ विकार. यात कारण न सापडणारे, आनुवंशिक, काही औषधांमुळे झालेले, संयोजी ऊतींच्या विकारांसोबत येणारे आणि जन्मजात हृदयछिद्रांमुळे होणारे असे प्रकार मोडतात. दुसऱ्या गटात दोष हृदयाच्या डाव्या बाजूस असतो व दाब मागे साचत जातो. तिसऱ्यात फुप्फुसाचे जीर्ण विकार व प्राणवायूची कमतरता, चौथ्यात न विरघळलेल्या गुठळ्या, आणि पाचव्यात सिकलसेलसारखे संमिश्र कारणांचे विकार येतात.

पाश्चात्त्य ग्रंथांत पहिल्या गटाचीच चर्चा फार, कारण नवी औषधे त्यासाठीच आहेत. आपल्या बाह्यरुग्ण विभागातील चित्र वेगळे आहे. केरळमधील ५० रुग्णालयांतून सुमारे दोन हजार रुग्णांची जी नोंदणी झाली, तिच्यात निम्म्याहून अधिक रुग्ण डाव्या हृदयाच्या दोषाचे, म्हणजे दुसऱ्या गटातील निघाले. महाराष्ट्रातील आमच्यासारख्या ग्रामीण चिकित्सकाचा अनुभवही याहून निराळा नाही. आणि येथेच आपल्या शास्त्रातील एका सुपरिचित निदानाकडे पुन्हा पाहणे आवश्यक होते. आठ-दहा वर्षांच्या मुलास ज्वर येऊन एक सांधा सुजतो, तो उतरतो तोच दुसरा सुजतो. आपण त्यास आमवात म्हणतो, लंघन व दीपन-पाचन देतो आणि मूल बरे होते. सांधे बरे होतात हे खरे, परंतु हा जर संधिवाताभ ज्वर असेल तर तो हृदयाच्या झडपेला डसून गेलेला असतो. पंधरा-वीस वर्षांनी तीच मुलगी गरोदरपणात धाप घेऊन येते, तेव्हा तिची झडप आकसलेली असते व फुप्फुसधमनीतील दाब चढलेला असतो. अशा बालकाची हृदयतपासणी करून घेणे आणि दर तीन आठवड्यांनी दिल्या जाणाऱ्या पेनिसिलिनच्या इंजेक्शनात खंड पडू न देणे, एवढे केले तरी दुसऱ्या गटातील कितीतरी रुग्ण निर्माणच होणार नाहीत. झडप फुग्याने रुंद करण्याची क्रिया वेळेवर झाली तर चढलेला दाब पुष्कळ अंशी उतरतो, हेही नमूद केले पाहिजे.

तिसऱ्या गटाविषयी फार लिहिण्याची आवश्यकता नाही. चुलीच्या धुरात तीस-चाळीस वर्षे काढलेल्या, कधीही विडी न ओढलेल्या आजीबाई सर्वांनीच पाहिल्या आहेत. क्षयरोग बरा झाल्यानंतर फुप्फुसात राहिलेले व्रण हेही आपल्याकडील महत्त्वाचे कारण आहे. चौथा गट मात्र विसरला जातो. प्रसूतीनंतर किंवा अस्थिभंगानंतर एका पायाला सूज आली होती, ती ओसरली, आणि पुढे काही महिन्यांनी धाप सुरू झाली, असा इतिहास मिळाला तर त्या रुग्णास त्वरित मोठ्या केंद्रात पाठवावे. कारण या गटात शस्त्रक्रियेने गुठळ्या काढून दाब जवळजवळ प्राकृत होऊ शकतो. पाचव्या गटातील सिकलसेलचा रुग्ण विदर्भातील व नंदुरबारकडील वैद्यांना सांगावयास नकोच.

आयुर्मर्यादेचा प्रश्न

रुग्णाचे नातेवाईक एकच प्रश्न विचारतात. १९८१ ते १९८५ या काळात अमेरिकेत १८७ रुग्णांची जी नोंदणी झाली, ती या प्रश्नाचे पहिले विश्वसनीय उत्तर होय. कारण न सापडणाऱ्या प्रकारातील या रुग्णांपैकी निम्मे निदानानंतर २.८ वर्षांच्या आत दगावले. पाच वर्षांनंतर हयात असणारे केवळ ३४ टक्के होते. त्या काळी या व्याधीवर खास असे औषधच नव्हते. १९९५ मध्ये शिरेतून अखंड द्यावयाचे इपोप्रोस्टेनॉल आले, २००१ मध्ये बोसेंटान आणि २००५ मध्ये सिल्डेनाफिल. पुढे अमेरिकेतच झालेल्या एका मोठ्या नोंदणीत पाच वर्षांनी हयात असणाऱ्यांचे प्रमाण ५७ टक्क्यांवर गेल्याचे दिसले. २०२४ मध्ये सोटाटरसेप्ट या इंजेक्शनास अमेरिकेत मान्यता मिळाली असून ते वाहिन्यांच्या भिंतींच्या वाढीवरच कार्य करते. म्हणजे असाध्यत्वाकडून याप्यत्वाकडे अशी ही वाटचाल आहे. 'याप्य' हा शब्द आम्ही विचारपूर्वक वापरीत आहोत : चिकित्सा चालू आहे तोवर आधार, चिकित्सा सुटली की घर कोसळले.

परंतु सरासरीचे आकडे समोर बसलेल्या रुग्णास लागू पडत नाहीत. त्याचा धोका कसा ठरवावयाचा? पुष्कळांची अशी समजूत असते की, दाबाचा आकडा जितका मोठा तितके मरण जवळ. ही समजूत अपुरी आहे. जन्मजात छिद्र असलेला एखादा रुग्ण अतिशय उच्च दाब बाळगून वर्षानुवर्षे जगतो, कारण त्याची उजवी जवनिका जन्मापासून जाड राहिलेली असते. याउलट एखाद्याचा दाब पूर्वीपेक्षा उतरलेला दिसतो व आपण संतुष्ट होतो. वस्तुतः त्याचे हृदय थकल्यामुळे दाब निर्माण करण्याची शक्तीच उरलेली नसते. विहिरीवरची मोट ओढणारा बैल थकला म्हणजे दोराचा ताण कमी होतो, त्यासारखेच हे आहे. म्हणूनच आजच्या धोकानिश्चितीच्या कोष्टकात फुप्फुसधमनीच्या मध्य दाबाला स्वतंत्र स्थान नाही. तेथे विचारले जाते ते असे : उजवी जवनिका हा भार किती काळ वाहू शकेल?

आणि आनंदाची गोष्ट ही की, या प्रश्नाचे बरेचसे उत्तर यंत्रांवाचून मिळते. रुग्णास सपाट जागी, शक्यतो ३० मीटर लांबीच्या ओसरीत वा अंगणात, सहा मिनिटे त्याच्या स्वतःच्या गतीने चालावयास सांगावे व अंतर मोजावे. ४४० मीटरहून अधिक अंतर गेले तर धोका अल्प समजतात. १६५ मीटरही गाठता आले नाहीत तर तो अत्यधिक होय. सोबत दैनंदिन श्रमांची श्रेणी (बसल्याबसल्या धाप लागते की चढावर) आणि बीएनपी या नावाची रक्ततपासणी जोडली की पुढील प्रत्येक भेटीत रुग्ण कोठे उभा आहे हे कळते. अल्प धोक्याच्या वर्गात वर्षभरात मृत्यूची शक्यता ५ टक्क्यांहून कमी धरली जाते, उच्च धोक्याच्या वर्गात २० टक्क्यांहून अधिक. चालताना चक्कर आली, ओठ निळसर झाले, छातीत दुखले तर चाचणी तत्काळ थांबवावी. विश्रांतीतही धाप असणाऱ्यास किंवा अलीकडेच मूर्च्छा येऊन गेलेल्यास ती आपल्या चिकित्सालयात करूच नये.

अरिष्टलक्षणे म्हणून आम्ही तीन गोष्टी मनात ठेवतो. श्रम करताना आलेली मूर्च्छा. पायांवर शोथ, मानेच्या शिरा फुगलेल्या आणि यकृत हाताला लागणे. आणि लक्षणांची वेगवान वाढ, म्हणजे गेल्या पोळ्याला शेतापर्यंत चालत जाणारा मनुष्य या पोळ्याला अंगणातच थांबणे. यांतील एकही असेल तर औषधाची पुडी बांधण्यापूर्वी इको करून घ्यावा.

गर्भधारणेचा मुद्दा येथेच सांगितला पाहिजे. जुन्या अभ्यासांत अशा गर्भिणींमधील मृत्यूचे प्रमाण ३० ते ५० टक्के आढळले होते. नव्या उपचारांनी ते घटले असले तरी गर्भधारणा टाळावी हाच सल्ला आजही दिला जातो. शिवाय बोसेंटान व त्या वर्गातील औषधे गर्भास घातक आहेत. वंध्यत्वासाठी आलेल्या स्त्रीला फलघृत सुरू करण्याआधी 'जिना चढताना काय होते?' एवढे विचारण्यास अर्धे मिनिटही लागत नाही.

आमची चूक

आता ती हकिकत. बत्तीस वर्षांची शिक्षिका, दोन अपत्ये, शाळा टेकडीवर. "वैद्यबुवा, शाळेची चढण चढले की धाप लागते, आणि वर पोहोचेपर्यंत डोळ्यांपुढे अंधारी येते," असे तिने पहिल्याच दिवशी सांगितले होते. हिमोग्लोबिन ९.८ होते. आम्ही पांडुजन्य क्षुद्र श्वास असे निदान करून नवायस लोह व पुनर्नवा मंडूर दिले. तीन महिन्यांत हिमोग्लोबिन ११.६ झाले. धाप मात्र तशीच होती. वास्तविक येथेच आम्ही थांबून विचार करावयास हवा होता. पांडु निवृत्त झाला आणि श्वास राहिला, तर श्वासाचा हेतू दुसरा आहे, हे प्रथम वर्षाचा विद्यार्थीही सांगेल. आम्ही अनुपान बदलले. पाच महिने आणखी गेले. एके दिवशी पाण्याचा हंडा उचलताना ती कोसळली आणि तिच्या यजमानांनी तिला शहरात नेले. इकोमध्ये उजवी बाजू विस्तारलेली व दाब अतिशय चढलेला निघाला. पुढे नलिकातपासणीत पहिल्या गटातील व्याधी निश्चित झाला. पहिली सहा मिनिटांची चाल २८० मीटर भरली.

एक वर्षाच्या उपचाराने ती चाल ४१० मीटरवर आली. त्यानंतर दुसरी दुर्घटना घडली. तिच्या गोळ्यांत सिल्डेनाफिल होते. गोळ्या आणावयास गेलेल्या यजमानांना दुकानातील नोकराने हसून विचारले की, हे तुमच्यासाठी का? त्या गृहस्थांनी लाजेने गोळ्या आणणेच बंद केले व पत्नीला 'बाजारात मिळत नाहीत' असे सांगितले. तीन आठवड्यांत पायांवर सूज आली. रुग्णालयात दाखल करून ती सावरली, परंतु चाल ३४० मीटरच्या पुढे पुन्हा कधी गेली नाही. आमचे आठ महिने आणि त्या नोकराचे एक वाक्य, यांतील कोणत्याने अधिक हानी केली हे आम्हांस सांगता येत नाही.

औषधविक्रेत्या बंधूंनी म्हणून हे ध्यानात घ्यावे की, सिल्डेनाफिल व टाडालाफिल ही स्त्रियांना आणि बालकांनाही दिली जाणारी औषधे आहेत. ती एकाएकी बंद होता कामा नयेत. साठा संपत आला असेल तर रुग्णास आठवडाभर आधी सूचना द्यावी. ज्यास छातीदुखीसाठी जिभेखाली ठेवण्याची नायट्रेटची गोळी चालू आहे, त्यास सिल्डेनाफिल देऊ नये. रक्तदाब प्राणघातक मर्यादेपर्यंत कोसळतो. वाजीकरणाच्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या काही 'वनौषधी' कॅप्सूलांत हेच द्रव्य लपवून घातल्याचे अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने वारंवार उघड केले आहे. असा माल दुकानात ठेवणारा मनुष्य केवळ शास्त्राची बदनामी करीत नाही, तो हृद्रोग्याच्या जिवाशी खेळतो.

औषधेच कारण होतात तेव्हा

या व्याधीच्या इतिहासात औषधनिर्मात्यांसाठी एक प्रकरण आहे. १९६० नंतरच्या दशकात स्वित्झर्लंड, ऑस्ट्रिया व पश्चिम जर्मनी येथे अ‍ॅमिनोरेक्स नावाचे भूक मारणारे औषध वजन घटविण्यासाठी विकले जात होते. थोड्याच वर्षांत त्या देशांत या दुर्मीळ व्याधीचे रुग्ण अचानक वाढले. औषध मागे घेतल्यावर लाट ओसरली. १९७३ ची जिनिव्हाची परिषद याच घटनेची परिणती होय. धडा मिळूनही फेनफ्ल्युरामीन आले, ते १९९७ मध्ये बाजारातून काढावे लागले. फ्रान्समध्ये बेनफ्लुओरेक्स २००९ पर्यंत विकले जात होते. मेदोहर कल्प बनविणाऱ्यांनी आपल्या कच्च्या मालाच्या शुद्धतेविषयी इतके दक्ष का असावे, याचे उत्तर या तीन नावांत आहे.

यावर 'ही तर रासायनिक औषधे, आमच्या वनस्पतींचे काय?' असे कोणी म्हणेल. जपानमध्ये आतड्यांच्या व्रणयुक्त दाहासाठी काही रुग्ण चिनी परंपरेतील निळीचे चूर्ण पोटात घेत असत. त्यांच्यापैकी काहींना फुप्फुसधमनीतील उच्च रक्तदाब झाल्याचे आढळले आणि डिसेंबर २०१६ मध्ये तेथील आरोग्य मंत्रालयाने इशारा दिला. चूर्ण थांबविल्यावर काहींचा दाब उतरला. ही नीळ ज्या वनस्पतींपासून निघते त्यांत आपल्या नीलीच्या कुळातीलही आहेत. याचा अर्थ नीलीयुक्त केशतेल टाकून द्यावे असा नव्हे; बाह्य उपयोग व दीर्घकाळ पोटात घेतलेले रंगद्रव्य यांत महदंतर आहे. परंतु ग्रहणी किंवा प्रवाहिकेवर निळीचे चूर्ण महिनोन्‌महिने देण्याची कल्पना कोणाच्या मनात असेल, तर त्याने हा इशारा वाचलेला असावा.

दुसरे उदाहरण अधिक जवळचे आहे. प्रयोगशाळेत उंदरांमध्ये हा व्याधी उत्पन्न करावयाचा असेल तर जगभर मोनोक्रोटालिन नावाचे द्रव्य टोचतात. तीन-चार आठवड्यांत व्याधी होतो. हे द्रव्य खुळखुळ्याच्या, म्हणजे क्रोटालारिया वंशातील वनस्पतीच्या बियांतून मिळते. चरकसंहितेत वमनोपयोगी मूलिनींमध्ये गणलेली शणपुष्पी याच वंशातील मानली जाते. मनुष्यात या वर्गाच्या विषाचा आघात प्रामुख्याने यकृतावर होतो. १९७० नंतरच्या दशकात सरगुजा जिल्ह्यात (तेव्हा मध्यप्रदेश, आता छत्तीसगड) भरडधान्यात खुळखुळ्याच्या जातीचे बी मिसळल्याने जलोदराची साथ येऊन अनेक आदिवासी दगावले. आचार्यांनी ही वनस्पती वमनासाठी, म्हणजे एकदा घेऊन बाहेर टाकण्यासाठी सांगितली होती, नित्य सेवनासाठी नव्हे, हा भेद येथे फार अर्थपूर्ण वाटतो.

मग वैद्याने करावयाचे काय?

निदान झालेला रुग्ण आपल्याकडे येणारच. विश्वास असतो म्हणून येतो. त्याची चालू असलेली औषधे 'शरीर शुद्ध होऊ द्या' म्हणून बंद करणे हा प्रमाद आहे, हे वरील हकिकतीवरून स्पष्ट व्हावे. वमन तर निश्चितच वर्ज्य. सिद्धिस्थानात वमनास अयोग्य असलेल्यांत हृद्रोगी सांगितलेलाच आहे. तीव्र विरेचनाने जलांश घटला की आधीच दुर्बळ झालेल्या हृदयाकडे परतणारे रक्त कमी होते आणि मूर्च्छा येते. कुंभक व जोरकस भस्त्रिका टाळावी. मलावरोध होऊ देऊ नये, कारण कुंथण्यानेही मूर्च्छा येते. येथे मृदू अनुलोमनाचे आपले सामर्थ्य खरोखर उपयोगी पडते.

लवणाचा विचार पुष्कळदा राहून जातो. शोथी रुग्णास मीठ वर्ज्य करण्यास सांगून आपणच भोजनोत्तर लवणभास्कर देतो, हे आम्ही स्वतः केलेले आहे. यष्टिमधु दीर्घकाळ व अधिक मात्रेत दिल्यास शरीरात जल व लवण साचते आणि पोटॅशियम घटते. मूत्रल गोळ्या व डिगॉक्सिन घेणाऱ्यात हे संकट दुणावते. चौथ्या गटातील रुग्णास रक्त पातळ ठेवणारे औषध आयुष्यभर असते, त्याला लसूण वा गुग्गुळाचे सांद्र कल्प देण्यापूर्वी त्याच्या चिकित्सकास कळवावे. बोसेंटान घेणाऱ्याची यकृत-तपासणी दरमहा व्हावी लागते. अशा वेळी आपले नवे कल्प सुरू केले आणि तपासणी बिघडली तर दोष कोणाचा हे कोणालाच सांगता येणार नाही.

अर्जुनाचे काय, असा प्रश्न सभांमधून नेहमी येतो. अर्जुनावर प्राण्यांमध्ये आशादायक काम झाले आहे. परंतु फुप्फुसधमनीच्या या व्याधीत मनुष्याचे आयुष्य त्याने वाढते असे सिद्ध झालेले नाही, आणि सिद्ध होईपर्यंत तसे छापणे योग्य नव्हे. हृद्रोग व रक्तदाब यांचा १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातविषयक कायद्याच्या परिशिष्टात समावेश आहे, याचेही विस्मरण औषधनिर्मात्यांना होऊ नये.

यात्रेस निघालेला रुग्ण हा आणखी एक प्रसंग. केदारनाथ सुमारे साडेतीन हजार मीटर उंचीवर आहे. तेथील विरळ हवेत फुप्फुसवाहिन्या आकसतात व निरोगी माणसाचाही दाब वाढतो. ज्याचा दाब आधीच चढलेला आहे त्यास 'देवाच्या मनात असेल तर' असे म्हणून पाठवू नये. आमची ती शिक्षिका गेल्या वर्षी हेच विचारावयास आली होती. आम्ही तिला अंगणात सहा मिनिटे चालावयास लावले, अंतर मोजले, ३३० मीटर. तो आकडा तिच्या वहीत लिहून आम्ही तिला पंढरपूरला जाण्यास सुचविले, तेही वारीतून पायी नव्हे, एस.टी.ने. ती जाऊन आली. वहीत आता पुढची तारीख लिहिलेली आहे.